हार्मोन भरपूर, तरी निरोप पोहोचत नाही

वाचकाचे पत्र

माझे वय ३६ आहे. गेली सहा वर्षे माझा थायरॉइडचा अहवाल विचित्र येतो. टी४ (थायरॉइड ग्रंथीचे हार्मोन) नेहमी वरच्या मर्यादेपलीकडे असते आणि टीएसएच (त्या ग्रंथीला काम करायला सांगणारे हार्मोन) मात्र नॉर्मल. छातीत धडधड होत असल्याने सुरुवातीला ‘थायरॉइड वाढले आहे’ असे सांगून कार्बिमॅझोलच्या, म्हणजे हार्मोन कमी करणाऱ्या, गोळ्या दिल्या गेल्या. त्यांनी टी४ खाली आले, पण टीएसएच चढले, सतत थकवा वाटू लागला आणि गळ्याची सूज वाढली, म्हणून वर्षभराने गोळ्या थांबवल्या. आता एका डॉक्टरांनी ग्रंथी काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करवली. तिच्यात ‘टीएचआरबी जनुक, ३१७ व्या जागी अलॅनिनऐवजी थ्रिओनिन, एका प्रतीत बदल’ असे आले. माझ्या आठ वर्षांच्या मुलीतही तोच बदल निघाला. ती अभ्यासाला स्थिर बसत नाही. माझ्या वडिलांचे गलगंडाचे ऑपरेशन दोनदा झाले आहे. धाकटी बहीण आता मूल होऊ देण्याचा विचार करते आहे. माझे प्रश्न असे: हार्मोन इतके असूनही ते कमी पडते म्हणजे काय? दुसरी प्रत चांगली असताना ती का पुरत नाही? इतर हार्मोनांचेही असेच होईल का? ग्रंथी काढावी का? आणि माझ्या गरोदरपणात काही चुकले म्हणून मुलीला हे झाले का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेतो, कारण ते ओझे मनावर असताना बाकीचे काही नीट वाचून होणार नाही. तुमच्या गरोदरपणातील कोणतेही औषध, आहार, ताण किंवा झोपेची आबाळ यांमुळे मुलीच्या जनुकातील हे अक्षर बदललेले नाही. हा बदल तुमच्या स्वतःच्या पेशींमध्ये तुमच्या जन्मापासून आहे आणि ज्या बीजांडापासून मुलगी घडली त्यात ती प्रत गेली, एवढेच घडले आहे. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. त्यांपैकी एकच मुलाला मिळते आणि कोणती मिळावी हे कोणाच्याही हातात नसते. बदललेली प्रत जाण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के असते, आधीच्या मुलाला ती मिळाली की नाही यावर पुढच्याचे काही ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या या विकाराला ‘थायरॉइड हार्मोनाला प्रतिरोध’ म्हणतात. थायरॉइड ग्रंथी रक्तात मुख्यतः टी४ सोडते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातील पेशी त्यांतला एक अणू काढून टी३ बनवतात आणि प्रत्यक्ष काम हे टी३ करते. परंतु टी३ स्वतः कोणतीही प्रक्रिया घडवून आणत नाही. ते एक निरोप आहे आणि तो निरोप घेणारे प्रथिन पेशीच्या केंद्रकात, थेट डीएनएवर ठाण मांडून बसलेले असते. या प्रथिनाला ग्राही म्हणतात. तुमच्या अहवालात ‘रिसेप्टर’ हा शब्द आला असेल तो हाच. थायरॉइड हार्मोनाच्या ग्राहींची जनुके दोन आहेत: अल्फा प्रकाराचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आणि बीटा प्रकाराचे ३ ऱ्या गुणसूत्रावर. तुमच्यातील बदल बीटा प्रकारात आहे, अहवालातील ‘टीएचआरबी’ म्हणजे त्याचेच जनुक. अल्फा आणि बीटा हा भेद लक्षात ठेवा, कारण तुमच्या धडधडीचे उत्तर त्यातच आहे.

बीटा ग्राहीचा मुख्य प्रकार ४६१ अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या लहान घटकांच्या) एका लांब साखळीचा असतो आणि ती साखळी स्वतःभोवती घड्या घालून एक निश्चित आकार घेते. त्या आकाराचा एक भाग डीएनए धरतो. त्यात जस्ताच्या अणूंनी बांधून ठेवलेली दोन बोटांसारखी टोके असतात आणि ती डीएनएच्या ठरावीक जागीच रुततात. शेवटाकडचा मोठा भाग हार्मोन धरतो. तो बारा पिळदार दांड्यांचा बनलेला असून त्यांच्या मधोमध टी३ जेमतेम मावेल एवढा खळगा असतो. टी३ त्या खळग्यात बसले की बारावी दांडी झाकणासारखी त्यावर मिटते आणि तिच्या मिटण्याने ग्राहीच्या बाहेरच्या अंगाचा आकारच पालटतो. हार्मोन नसताना त्या अंगाला जनुक बंद ठेवणारी सहायक प्रथिने धरून असतात. झाकण मिटताच ती सुटतात आणि जनुक चालू करणारी प्रथिने त्यांच्या जागी येतात. निरोप पोहोचला असे आपण म्हणतो ते याला.

३१७ वे अमिनो आम्ल याच खळग्याच्या परिसरात आहे. जनुकात त्या ठिकाणी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘ए’ आले की अलॅनिनच्या जागी थ्रिओनिन बसते. अलॅनिन आकाराने लहान असते, तर थ्रिओनिन त्याहून मोठे आणि पाण्याशी अधिक सलगी करणारे असते, त्यामुळे खळग्यातील जागेची मांडणी बिघडते आणि टी३ तेथे पूर्वीइतके घट्ट बसत नाही. ४६१ पैकी एका घटकाच्या बदलाने एवढे व्हावे याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे, परंतु प्रथिनाचे काम त्याच्या एकूण लांबीवर नव्हे, तर नेमक्या जागच्या नेमक्या आकारावर अवलंबून असते. बीटा ग्राहीतील रोगकारक बदल साखळीभर विखुरलेले आढळत नाहीत. ते हार्मोन धरणाऱ्या भागात आणि त्याला लागून असलेल्या सांध्यात, अशा तीन पट्ट्यांत दाटीने सापडतात. तुमचा बदल त्यांपैकी मधल्या पट्ट्यातील असून इतर अनेक कुटुंबांतही तो आढळलेला आहे. त्यामुळे अहवालातील निष्कर्ष संदिग्ध नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने तुमच्या बाजूची आहे.

येथे एक बारकावा आहे आणि तो तुमच्या उपचारांशी थेट निगडित आहे. तुमच्या बदललेल्या ग्राहीची टी३ धरण्याची क्षमता कमी झाली आहे, नाहीशी झालेली नाही. पकड सैल असेल तर अवतीभोवती टी३ अधिक असताना ती काही प्रमाणात भरून निघते. तुमचे शरीर नेमके हेच करत आले आहे.

‘दुसरी प्रत चांगली असताना ती का पुरत नाही’ हा प्रश्न तुम्ही विचारलात याचे मला विशेष समाधान वाटले, कारण या विकाराचे मर्म त्यात आहे. बहुतेक जनुकांच्या बाबतीत एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम निभावते, मग येथे तसे का होत नाही? याचे उत्तर शोधण्यास एका कुटुंबाने मोठी मदत केली. १९६७ साली वैद्यकीय संशोधक सॅम्युएल रेफेटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भावंडांचे वर्णन प्रसिद्ध केले. ती जन्मतः बहिरी होती, त्यांना गलगंड होता आणि रक्तात थायरॉइड हार्मोन जास्त असूनही ते वाढल्याची नेहमीची लक्षणे दिसत नव्हती. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा असे आढळले की, त्या भावंडांमध्ये बीटा ग्राहीच्या जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग दोन्ही प्रतींतून पूर्णपणे गहाळ होता. त्यांच्या आईवडिलांमध्ये मात्र एक प्रत गहाळ आणि एक शाबूत होती, आणि ते दोघेही निरोगी होते. याचा अर्थ असा की निम्मे ग्राही असले तरी माणसाचे भागते.

तुमच्यात प्रत गहाळ नाही. ती आहे आणि तिच्यापासून प्रथिनही बनते आहे. अडचण हीच आहे. ते प्रथिन डीएनए धरण्यात मुळीच कमी पडत नाही, कारण त्याची ती बोटे शाबूत आहेत. ते जनुकाच्या जागेवर जाऊन बसते, जनुक बंद ठेवणाऱ्या सहायक प्रथिनांना धरून ठेवते आणि टी३ नीट न बसल्यामुळे त्यांना वेळेवर सोडत नाही. कार्यालयात एखादी खुर्ची रिकामी असली तर शेजारचा माणूस ते काम ओढून नेतो, पण त्या खुर्चीवर कोणी बसलेला असून तो कागद पुढे सरकू देत नसेल तर शेजाऱ्याचा इलाज चालत नाही. तुमच्या पेशींमध्ये चांगले आणि बदललेले असे दोन्ही ग्राही एकाच जागेसाठी झगडतात आणि बदललेला ग्राही चांगल्याच्या कामात अडथळा आणतो. म्हणूनच हा विकार एका प्रतीनेही प्रकट होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. सुमारे ४० हजार नवजात बालकांमागे एकात तो आढळतो, त्यामुळे अनेक डॉक्टरांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नसतो. तुमच्या निदानाला सहा वर्षे लागली यामागे हेही एक कारण आहे, आणि तुमची तक्रार रास्त असली तरी ते कारण मला सांगितलेच पाहिजे.

आता अहवालातील आकड्यांचा अर्थ पाहू. रक्तात थायरॉइड हार्मोन किती असावे हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ठरवते. हार्मोन पुरेसे वाटले की ती टीएसएच कमी करते, अपुरे वाटले की वाढवते. हे ‘वाटणे’ बीटा ग्राहीमार्फत होते. तुमच्या पीयूषिकेला निरोप अर्धवट ऐकू येत असल्याने ती टीएसएच खाली आणत नाही, थायरॉइड ग्रंथी अधिक हार्मोन बनवत राहते आणि टी४ इतके चढते की अखेर पीयूषिकेला ते पुरेसे वाटू लागते. तेथे समतोल साधला जातो. म्हणून तुमचे टीएसएच नॉर्मल आहे आणि म्हणूनच ते खरे बोलणारे आहे. तुमच्या शरीराला त्याच्या ग्राहींसह जेवढे हार्मोन लागते तेवढेच ते बनवत आहे. कार्बिमॅझोलने टी४ ‘नॉर्मल’ केले तेव्हा प्रत्यक्षात तुम्हाला हार्मोनाची उणीव भासू लागली, पीयूषिकेने टीएसएच वाढवले, त्या टीएसएचने ग्रंथीला फुगवले आणि थकवा आला. त्या वर्षात जे झाले त्याचा प्रत्येक धागा या एका बिघाडाशी जुळतो.

परंतु मग धडधड का होते? हृदयात मुख्यत्वे अल्फा ग्राही असतो आणि तुमचा अल्फा ग्राही पूर्णपणे निर्दोष आहे. बीटा ग्राहीच्या उणिवेची भरपाई म्हणून वाढवलेले हार्मोन हृदयापर्यंतही पोहोचते, तेथे ते नीट ऐकले जाते आणि ठोके वाढतात. यकृत मात्र बीटा ग्राहीवर अवलंबून असल्याने त्याला हार्मोन कमीच भासते, त्यामुळे अशा व्यक्तींमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेले असू शकते. एकाच माणसात हृदयाला हार्मोन जास्त आणि यकृताला कमी, ही स्थिती ऐकायला विसंगत वाटते, पण कोणत्या अवयवात कोणता ग्राही आहे हे कळले की विसंगती उरत नाही.

इतर हार्मोनांविषयी तुम्हाला भीती वाटते, त्याचे उत्तर असे: प्रत्येक हार्मोनाच्या ग्राहीचे जनुक वेगळे असते, त्यामुळे तुमच्यातील बदलाने इन्सुलिन, इस्ट्रोजेन किंवा अन्य हार्मोनांचे ग्राही बिघडत नाहीत आणि त्यासाठी वेगळ्या तपासण्या करण्याची गरज नाही. त्या ग्राहींमध्येही स्वतंत्रपणे असे बदल होतात, हे मात्र खरे. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली. त्याच्या इस्ट्रोजेन ग्राहीच्या जनुकात साखळी मध्येच तोडणारा बदल दोन्ही प्रतींत होता, त्याची उंची २०४ सेंटीमीटर होती आणि त्या वयातही त्याच्या हाडांची वाढ थांबलेली नव्हती. पुरुषांच्या हाडांची वाढ थांबवण्यासाठीही इस्ट्रोजेनचा निरोप लागतो, हे त्याच्यामुळे उमगले. ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीतील काही बदलांत तर हार्मोन धरले जाते, पण डीएनए धरणारी बोटेच निकामी असल्याने मुलांना मुडदूस होतो. याच्या उलटही घडते. स्तनाच्या कर्करोगात उपचारांच्या दबावाखाली इस्ट्रोजेन ग्राहीच्या ५३७ व्या किंवा ५३८ व्या जागी बदल होऊन बाराव्या दांडीचे ते झाकण हार्मोनावाचूनच मिटलेल्या स्थितीत स्थिरावते आणि पेशींना वाढीचा निरोप अखंड मिळत राहतो. हा बदल गाठीच्या पेशींपुरता असतो, तो मुलांकडे जात नाही. आणि शरीरातील मीठ व रक्तदाब सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन या हार्मोनाच्या ग्राहीत ८१० व्या जागी सेरिनऐवजी ल्युसिन आल्यास गरोदरपणी वाढणारे प्रोजेस्टेरॉनच त्याला चालू करते, त्यामुळे अशा स्त्रियांचा रक्तदाब गरोदरपणात धोकादायक चढतो. २००० साली हे उजेडात आले. हे सारे सांगण्याचा हेतू एवढाच, की ‘ग्राहीत बदल’ हा एक आजार नव्हे. निरोप घेता न येणे, घेऊन पुढे न देणे, निरोपाशिवायच बोलत राहणे आणि भलत्याचाच निरोप घेणे हे चार निराळे बिघाड आहेत आणि त्यांचे उपचारही निराळे आहेत. इंटरनेटवर वाचलेली दुसऱ्या ग्राहीची माहिती स्वतःला लावून पाहू नका.

आता ग्रंथी काढण्याविषयी. हा निर्णय तुम्ही आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची थायरॉइड ग्रंथी आजारी नाही. ती पीयूषिकेच्या सांगण्यावरून योग्य तेच करत आहे. ती काढली तर भरपाईसाठी लागणारे जादा हार्मोन स्वतः बनवण्याची सोय कायमची जाते, आणि मग थायरॉक्सिनची, म्हणजे टी४ ची, गोळी नेहमीच्या मात्रेहून बरीच अधिक द्यावी लागते. शिवाय ती किती द्यावी याचा अंदाज घेणे डॉक्टरांनाही कठीण जाते. ग्रंथी निकामी करणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचेही (रेडिओआयोडीनचेही) तेच. गळ्यातील सूज श्वासनलिकेवर दाब देत असेल किंवा त्यात संशयास्पद गाठ आढळली तर प्रश्न वेगळा, पण केवळ टी४ चा आकडा हे शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकत नाही.

अहवालाचे असे रूप पीयूषिकेतील टीएसएच बनवणाऱ्या गाठीमुळेही दिसू शकते, त्यामुळे जनुकीय तपासणीआधी ती शंका घेणे योग्यच होते. आता रोगकारक म्हणून परिचित असलेला बदल सापडला आहे आणि मुलीतही तोच आहे, तेव्हा त्या दिशेने पुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही. धडधडीसाठी अटेनोलॉलसारखे औषध, दमा नसल्यास, पुरेसे ठरते. ते ठोके आवरते आणि हार्मोनाच्या भरपाईला हात लावत नाही. बऱ्याच जणांना त्याचीही गरज पडत नाही. त्रास अधिक असल्यास टी३ शी मिळतेजुळते एक औषध काही ठिकाणी वापरले जाते, परंतु ते या विकाराचा अनुभव असलेल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे. हृदयाची लय वर्षातून एकदा तपासून घ्या, कारण वय वाढेल तसे ती अनियमित होण्याचा संभव असतो.

मुलीच्या बाबतीत माझी विनंती अशी की, तिच्या टी४ वर उपचार करू नका. तिची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी मोजून आलेखावर मांडा, श्रवणाची तपासणी एकदा नीट करून घ्या आणि कान-घशाचे संसर्ग वारंवार होत असतील तर ते अंगावर काढू नका, कारण या मुलांमध्ये ते अधिक आढळतात. अभ्यासात स्थिर न बसणे हेही या विकारात अनेक मुलांमध्ये दिसते, म्हणून शाळेला तो हट्ट किंवा आळस वाटू देऊ नका. बालमानसतज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घ्या आणि मदत तीच घ्या जी लक्ष टिकवण्याची अडचण असलेल्या इतर कोणत्याही मुलाला मिळते. त्याचबरोबर तिच्याजवळ आणि तुमच्याजवळ एक छोटा कागद कायम असू द्या. त्यावर निदान, जनुकातील बदल आणि ‘टी४ जास्त असणे या व्यक्तीसाठी अपेक्षित आहे, ते कमी करण्याची औषधे देऊ नयेत’ एवढे वाक्य डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्या. पुढे कधी अपरिचित रुग्णालयात जावे लागले तर हा कागद चुकीच्या उपचारांपासून वाचवेल.

धाकट्या बहिणीने गरोदर राहण्याआधी टी४ आणि टीएसएच तपासावे आणि जनुकातील फक्त हाच एक बदल शोधणारी चाचणी करावी. संपूर्ण जनुक वाचण्याची तिला गरज नाही. तिच्यात बदल नसेल तर विषय तेथेच संपला. असेल तर गर्भ राहण्यापूर्वीच तज्ज्ञांची भेट व्हावी, कारण आईच्या रक्तातील जादा हार्मोन आईला सोसत असले तरी ज्या गर्भाला बदल मिळालेला नाही त्याला ते जास्त होऊ शकते. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरील, हाच विकार असलेल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की बीटा ग्राहीत बदल असलेल्या मातांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक होते आणि बदल न मिळालेली त्यांची बाळे जन्मतः वजनाने कमी होती. हे वाचून बहिणीने घाबरून जाऊ नये. अशा अनेक स्त्रियांना निरोगी मुले झाली आहेत, फक्त देखरेख कोणी करायची हे आधी ठरलेले असावे. तुम्ही स्वतः दुसऱ्या मुलाचा विचार करणार असाल तर हेच तुम्हालाही लागू आहे.

वडिलांचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात केला आहे, पण माझे लक्ष तेथे अडले. गलगंड काढूनही पुन्हा वाढणे हे या विकारात घडते, कारण ग्रंथी फुगवणारे कारण पीयूषिकेत असते आणि शस्त्रक्रियेने ते जात नाही. हा बदल तुमच्यातच प्रथम उद्भवला असण्याचीही शक्यता आहे, पण वडिलांचा इतिहास पाहता तो त्यांच्याकडून आला असावा असे मला वाटते. त्यांच्या रक्ताची तीच एक चाचणी करून घ्या. ते थायरॉक्सिन घेत असतील आणि त्यांची मात्रा वयाच्या मानाने जास्त वाटत असेल, तर चाचणीचा निकाल येईपर्यंत केवळ टी४ पाहून ती परस्पर कमी करू नये, असे त्यांच्या डॉक्टरांना तुमच्या अहवालाची प्रत दाखवून सांगा.